रांजणवाडी, तालुका माहीत नाही

“माझे किती?” इंगवले मॅडमनी दारातूनच विचारलं.

“तीन.”

“कितीपैकी?”

“कितीपैकी असं नसतं, मॅडम. वर कितीही जातात.”

“मग तीन म्हणजे बरे का?”

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “त्यातला एक तुमचा भाचा आहे. उरलेले दोन तुम्ही स्वतः. एकदा चुकून फेसबुकवर शेअर दाबलंय. मग ते काढायला गेलात आणि पुन्हा दाबलंय.”

मॅडम समोरच्या खुर्चीत बसल्या. सव्वीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेली बाई, पण स्वतःचा निकाल बघताना चष्मा शोधत होती. तो डोक्यावर होता. मी सांगितलं नाही. तीनच तर आकडा होता, चष्म्याशिवायही दिसला असता.

“आणि किती लागतात?”

“वीस. एकतीस मार्चपर्यंत.”

“नाहीतर?”

नाहीतर काय, ते त्यांना माहीत होतं. नाहीतर गाडी बंद.

आमचं डोळ्यांचं संशोधन केंद्र बार्शीत होतं. त्याचं पूर्ण नाव एवढं लांब होतं, की पाटी संपली तरी नाव संपलं नव्हतं आणि शेवटची चार अक्षरं खाली उतरून उभी होती. गाव त्याला नुसतं ‘डोळ्याचा दवाखाना’ म्हणायचं. तिथं माझं पद होतं प्रभाव मापन सहायक. आमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या शोधनिबंधांची इंटरनेटवर किती चर्चा होते ते मोजायचं, एवढंच काम. निबंधाची लिंक कुणी बातमीत दिली, ब्लॉगवर दिली, ट्विटर-फेसबुकवर टाकली, की परदेशातली एक वेबसाइट ते टिपायची आणि एक आकडा द्यायची. आकड्याभोवती एक रंगीत कडं असायचं. आम्ही त्याला चकली म्हणायचो. जितकी चर्चा जास्त, तितकी चकली रंगीत. चर्चा कौतुकाची आहे की शिव्यांची, हे चकलीला कळत नसे. आमचा सगळ्यात वर असलेला निबंध एकशे बारावर होता, कारण त्यातल्या आलेखात एका रुग्णाचं वय चारशे सहा पडलं होतं आणि ते जगभर फिरलं होतं.

आई शेजारी सांगायची, “पल्लवी डोळे मोजते.” शेजारीण म्हणायची, “दोनच असतील की ओ.”

चकलीची कल्पना सबनीस सरांची. ते नवे मुख्य अधिकारी, आधी बिस्किटांच्या कंपनीत होते. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवायचा नाही, मीटिंगला स्वतः बिस्किटं आणायचा. पण सगळं शिक्षण मराठी मुलखाच्या बाहेर झालेलं आणि प्रत्येक गोष्टीला एक आकडा हवा. बोर्डानं त्यांना विचारलं होतं की संशोधनावर एवढा खर्च होतो, समाजाला त्याचा काय उपयोग? सरांनी चकली दाखवली. बोर्डाला चकली आवडली. मग नियम आला: ज्या विभागाच्या निबंधाला वीस मिळणार नाहीत, त्या विभागाची पुनर्रचना. पुनर्रचना म्हणजे काय, असं काचबिंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, तर सर म्हणाले, “म्हणजे ती रचना राहणार नाही.”

इंगवले मॅडमचा विभाग म्हणजे एक गाडी. त्यात मॅडम, चालक मुजावरमामा, तपासणीचा दिवा आणि एक डबा औषधं. चाळीस गावं फिरायची. त्या गावांत मॅडमना एक विचित्र गोष्ट सापडली होती. पोरांना रांजणवाडी व्हायची. पापणीच्या कडेला पुळी येते ना, ती. शेकली तर आपोआप जाते. पण तिथं घराघरात उपाय एकच: तंबाखूच्या डबीतला चुना काडीच्या टोकावर घ्यायचा आणि पुळीला टेकवायचा. पोर हललं की चुना डोळ्यात. बुबुळ भाजतं, पांढरं फूल पडतं आणि डोळा जातो. दोन वर्षांत अशी सतरा पोरं मॅडमनी पाहिली. त्यावर निबंध लिहिला. तो निबंध भाच्यानं वाचला, किंवा वाचला नाही, पण दाबला.

“मी काय करू?” मॅडमनी विचारलं.

“ट्विटरवर या.”

“तिथं पेशंट असतात?”

“नाही.”

“मग कशाला येऊ?”

याचं उत्तर बी.लिब.च्या अभ्यासक्रमात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गाडीतून निघाले. म्हटलं, बघू तरी, कुठंतरी चर्चा होत असेल आणि चकलीच्या नजरेतून सुटली असेल. पहिल्याच गावात पारावर एक आजी नातवाला घेऊन बसलेली. नातवाची उजवी पापणी सुजलेली.

मॅडमनी वाकून बघितलं. “रांजणवाडी आहे. काही लावलं का हो?”

“न्हाई बा,” आजी म्हणाली. “चुना लावायचा नस्तोय. डोळा जातोय त्यानं. कोमट पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, धा मिन्टं शेकायचं. दिवसातनं चारदा. आन चुना उडालाच डोळ्यात, तर आधी पाणी मारायचं, मंग डाक्टर.”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. हे शब्द त्यांचेच होते. शब्दशः.

“कुणी सांगितलं, आजी?” मी विचारलं.

आजीनं कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला, नातवानं तो चालू केला आणि पारावर इंगवले मॅडमचाच आवाज घुमला. वर्षभरापूर्वी त्यांनी एका आशाताईला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला निरोप. तो फिरत फिरत इथं आला होता. मागं कोंबडा ओरडत होता तो पण होता.

“कुणाचा आवाज आहे हा?” मॅडमनी मुद्दाम विचारलं.

“पुण्याच्या मोठ्या डाक्टरीणबाई हायेत कुणी. लई हुशार बाई.” आजीनं मॅडमना आपादमस्तक न्याहाळलं. “तुमी पण ऐका. उपेगी पडंल.”

मुजावरमामा गाडीला टेकून एवढे हसले, की गाडी हलली.

मी मात्र चिडले होते. व्हॉट्सॲप बंद पेटी. आत काय चाललंय ते चकलीला दिसत नाही. गावंच्या गावं पाठ म्हणतायत आणि आकडा तीन.

“आजी, हे पुढं पाठवताना लिंकसकट टाकायला पाहिजे होतंत.”

“कशात टाकायचं?”

“म्हणजे... लिंक टाकायची.”

“आन किती येळ शिजवायचं?”

असं त्या दिवशी सहा गावांत झालं. संध्याकाळी गाडीत मी मॅडमची वही चाळली. आधीच्या दोन वर्षांची पानं भरलेली, नाव, गाव, वय, उजवा की डावा. या वर्षीच्या पानावर फक्त वर तारीख होती.

“यंदा एकही नाही?”

“अजून तरी नाही.”

“मग हेच दाखवू ना सरांना!”

“काय दाखवशील? कोरं पान?” मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “आलेली पोरं मोजता येतात गं. न आलेली कशी मोजणार?”

मामा म्हणाले, “ते मोजायचं मशीन निघालं की आपल्याला सांगा, पल्लवीताई. आपण बी न झालेले ॲक्सिडेंट मोजून पगारवाढ मागतो.”

मार्च उजाडला. आकडा तीन. मी निबंधाच्या लिंका पाच वर्तमानपत्रांना पाठवल्या. एकानं उत्तर दिलं, त्यात जाहिरातीचे दर होते. शेवटी वैतागून, अठरा मार्चला, केंद्राच्या अकाउंटवरून मी स्वतः एक ओळ लिहिली आणि खाली लिंक चिकटवली:

‘रांजणवाडीला चुना लावू नका!’

आणि जेवायला गेले.

परत आले तेव्हा आकडा अकरा होता. मला वाटलं वेबसाइट बिघडली. मग मी प्रतिसाद वाचायला लागले.

‘रांजणवाडीला चुना लावणारे कोण, हे जनतेला कळलंच पाहिजे.’

‘आणखी किती गावांना फसवणार?’

‘मी रांजणवाडीच्या बाजूनं उभा आहे. तुम्ही?’

चारपर्यंत एका निवृत्त माणसानं लिहिलं, की रांजणवाडीचा रस्ता तीनदा कागदावर झाला आहे. पाचला दुसऱ्यानं त्याला सुनावलं, की रस्ता आमच्या काळात झाला, नंतरच्यांनी उखडला. सहाला दोघांची आईवरून जुंपली. प्रत्येक जण मूळ पोस्ट सोबत जोडत होता आणि पोस्टला लिंक होती, आणि लिंकेवर कुणीही, एकाही माणसानं, टिचकी मारली नव्हती. खेड्यातल्या एकदोघांनी लिहिलंही, ‘आरं, रांजणवाडी डोळ्याला हुती.’ त्यावर उत्तर आलं, ‘विषय भरकटवू नका.’

मला त्याच दिवशी खुलासा टाकता आला असता. मी बोटं कीबोर्डवर ठेवली होती. आकडा एकोणीस झाला. म्हटलं, विसावा पडू दे.

शुक्रवारी सकाळी तो चौसष्ट होता. चकलीला तोवर कधी न पाहिलेला जांभळा रंग आला होता.

मीटिंग सोमवारी. सबनीस सरांनी पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं: रांजणवाडी मॉडेल. शेजारी महाराष्ट्राचा नकाशा.

“एका खेड्यानं आपल्या संशोधनावर एवढं बोलावं,” सर भारावून म्हणाले, “हा खरा इम्पॅक्ट. फक्त मला ते नकाशावर सापडलं नाही. रांजणवाडी कोणत्या तालुक्यात येते?”

मोतीबिंदूवाल्यांनी बिस्कीट उचललं. काचबिंदूवाल्या डॉक्टरांना नक्की माहीत होतं, त्यांच्या डाव्या डोळ्याला त्याच आठवड्यात रांजणवाडी झालेली होती. ते टेबलाकडे बघत राहिले. त्यांचा स्वतःचा आकडा एकवीस होता आणि कसा झाला होता ते मला माहीत होतं.

इंगवले मॅडम मात्र सरळ बाई. त्यांनी घसा साफ केला. “अहो सबनीस, रांजणवाडी म्हणजे डोळ्याला...”

“लांब आहे, सर,” मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“फार आत आहे. एसटी जात नाही. फिरत्या पथकाच्या गाडीशिवाय तिथं कुणी पोचत नाही.”

तसं बघितलं तर यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पापणीच्या आत एसटी जात नाही.

“मग गाडी बंद करून कसं चालेल?” सर म्हणाले. “उलट दर महिन्याला मला रांजणवाडीचा वेगळा रिपोर्ट हवा. बोर्डाला पाठवू.”

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी मला गाठलं. मला वाटलं आभार मानतील.

“तू त्यांना चुना लावलास,” त्या म्हणाल्या.

“गाडी वाचली, मॅडम.”

“ते दिसतंय मला.” त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. “आधीचे तीन होते ना, ते तरी माझे होते गं.”

एप्रिलपासून मी रांजणवाडीचे रिपोर्ट लिहायला लागले. चाळीस खऱ्या गावांची बेरीज करायची आणि वर रांजणवाडी लिहायचं, एवढंच. तपासलेले किती, चष्मे किती, चुन्यानं भाजलेले नवे किती. रकाने सगळे खरे, गाव तेवढं खोटं. मे महिन्यात बोर्डानं खूश होऊन रांजणवाडीला थंड पाण्याचं यंत्र दिलं. स्टीलचं, दोन नळांचं, वर पितळी पाटी: ‘रांजणवाडी ग्रामस्थांस सप्रेम भेट.’ ते पोचवायचं काम मुजावरमामांकडे आलं. मामा त्याला दिवसभर गाडीत घेऊन फिरले आणि संध्याकाळी गाडीच्या शेडमध्ये उतरवून वायर जोडली.

“पाणी कसंय, मामा?”

“रांजणवाडीचं पाणी गोड हाय,” मामा म्हणाले. “माणसं बी भांडत न्हाईत.”

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरांनी मला बोलावलं. समोर माझे तीन रिपोर्ट. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“चुन्यानं भाजलेले नवे रुग्ण. एप्रिल शून्य, मे शून्य, जून शून्य.”

“हो सर.” मला खरंच आनंद झाला. म्हटलं, शेवटी बघितलं कुणीतरी.

“मग गाडी तिथं जाते कशाला?”

“सर, जाते म्हणून शून्य आहे.”

“असं डेटावरून दिसत नाही.”

“सर, शून्य हाच इम्पॅक्ट आहे.”

“पल्लवी,” ते अगदी मायेनं म्हणाले, “शून्याची चकली होत नाही.”

मग त्यांनी बिस्कीट पुढं केलं. बोर्ड पंधरा तारखेला बसणार होतं. म्हणाले, “जूनचा रिपोर्ट अजून वर गेलेला नाही. नीट पाहा, दोन-तीन केसेस राहून गेल्या असतील तर घाल. मला बोलायला काहीतरी दे. मलाही गाडी चालू ठेवायचीय.”

ते खरं बोलत होते, म्हणूनच जास्त राग आला.

मी तिरीमिरीत म्हणाले, “सर, रांजणवाडी गाव नाहीये. पापणीवरची पुळी आहे.”

सरांनी उठून दार लावलं.

“हे बोर्डात बोलू नकोस,” ते म्हणाले. “अध्यक्षांच्या मिसेस यंत्राच्या उद्घाटनाला जाऊन आल्यात.”

“कुठं?”

“ते मी विचारलं नाही.”

मी माझ्या खोलीत आले, जूनचा रिपोर्ट उघडला आणि शून्य पुसून तिथं दोन लिहिलं. दोन काही फार नाही. मग वाटलं तीन बरं. मॅडम मागं कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही.

“हे कोण दोघं?”

“कुणीच नाहीत, मॅडम. पण पंधरा तारखेला...”

“नावं काय त्यांची?”

“मॅडम, नुसता आकडा आहे.”

“वय किती? उजवा डोळा की डावा?”

मी हातानं तो रकाना झाकला.

“गाव खोटं लिहिलंस, मी ऐकून घेतलं,” मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “पोराचा डोळा खोटा लिहायचा नाही. त्या सतरा जणांना मी ओळखते. त्यांच्या शेजारी हे दोघं बसवू?”

“गाडी जाईल.”

“जाऊ दे.”

“मग परत चुना लावायला लागतील लोक.”

माझ्या हातावरून हात नेऊन त्यांनी स्वतः एका बोटानं दोन पुसलं, शून्य शोधलं आणि दाबलं. त्यांची नेहमीची सवय, दोनदा दाबलं गेलं. दोन शून्यं. मी एक काढलं. तेवढीच माझी त्या रिपोर्टमधली दुरुस्ती.

पंधरा तारखेला रांजणवाडीत आता काही अडचण उरलेली नाही, असं बोर्डानं नमूद केलं आणि गाडी बंद झाली. अभिनंदनाचा ठराव पण झाला. मुजावरमामांना रुग्णवाहिकेवर घेतलं. मॅडमना तळमजल्यावर चष्म्याचे नंबर काढायला बसवलं, तीन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. शेडमध्ये पाण्याचं यंत्र तेवढं राहिलं. मी दिवाळीत नोकरी सोडली. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं. तिथंही जागा तेवढीच होती.

याला सात वर्षं झाली. मागच्या महिन्यात पुण्यात माझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. आधी कधी झाली नव्हती. आरशात बघून मी तिला म्हटलंसुद्धा, शेवटी पोचले मी.

डबा द्यायला येणाऱ्या सुरेखामावशींनी दारातच माझा डोळा पाहिला.

“रांजणवाडी आलीय व्हय? चुना बिना लावू नका हां, ताई.”

“का?”

“डोळा जातो त्यानं. कोमट पाण्यात फडकं बुडवायचं, पिळायचं, धा मिन्टं शेकायचं. दिवसातनं चारदा.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायचं काय त्यात? आमच्याकडं सगळ्यांनाच म्हाईत असतं.”

“तुमच्याकडं म्हणजे कुठं?”

त्यांनी गावाचं नाव सांगितलं. खूप लांबचं, परभणीकडचं कुठलंसं. आमच्या चाळीसांत नव्हतं. आमची गाडी तिथं कधी गेलीच नव्हती.

मावशी गेल्यावर मी फडकं शेकायला घेतलं आणि उघड्या डोळ्यानं मोबाईलवर मॅडमचा नंबर शोधला. उचलायला त्यांना बराच वेळ लागला. चष्मा शोधत असाव्यात.

“मॅडम, पल्लवी बोलतेय. बारबोले.”

“बोल गं. काय झालं?”

“तुमचे चार झाले.”